प्रशिक्षण झालं, पुढे काय?

नगरच्या नागापूर एमआयडीसीत एखाद्या कारखानदारापुढे प्रशिक्षणाचा विषय काढून बघा. बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते. दरवर्षी माणसं ट्रेनिंगला बसवतो, पुण्याहून तज्ज्ञ बोलावतो, जेवण देतो, सर्टिफिकेट वाटतो आणि महिन्याभराने बघावं तर काम जसंच्या तसं. मग हा खर्च करायचा कशाला? कामगाराला विचारलं तर तो सांगतो, दिवस बरा गेला, पण काय शिकवलं ते नीट आठवत नाही.

दोघंही खरं बोलतात. शिकवणारा वाईट नसतो, शिकणाराही मठ्ठ नसतो. चूक वर्ग भरण्याच्या आधीच झालेली असते. 'यंदा काय शिकवायचं' हा प्रश्न सगळ्यांनी विचारलेला असतो, पण 'यंदा आपल्याला काय साधायचंय' हा त्याच्या आधीचा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो.

१. धोरण म्हणजे नेमकं काय?

व्यवसायाचं धोरण म्हटलं की जाडजूड अहवाल आणि मोठमोठे शब्द डोळ्यांपुढे येतात. आपल्या कामापुरता अर्थ सोपा आहे. आपण कोणत्या गिऱ्हाइकाला काय देऊन टिकणार, आणि त्यासाठी कशावर पाणी सोडणार, हे ठरवणं म्हणजे धोरण. दुसरा भाग लोक विसरतात. ज्यात काहीच सोडून दिलेलं नाही, ती नुसती इच्छांची यादी असते.

समजा, संगमनेर तालुक्यात दोन दूध डेअऱ्या आहेत. पहिलीचं दूध टँकरने पावडरच्या प्रकल्पाला जातं. ती टिकते ती लिटरमागे वाचणाऱ्या पैशांवर. दुसरी पनीर आणि दही स्वतःच्या नावाने पुण्या-मुंबईत विकते. ती टिकते ती चवीवर आणि पिशवी न फुगण्यावर. दोघींनी संकलन केंद्रावरच्या माणसांना 'दूध तपासणी' याच नावाचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. पहिलीने फॅट आणि एसएनएफचं (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचं) माप अचूक घेणं, रांग लवकर हलवणं आणि टँकर अर्धवट भरून न पाठवणं यावर वेळ घालवला पाहिजे. दुसरीच्या माणसाला मात्र वेगळं कळायला हवं: गायीला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते दूध वेगळं का ठेवायचं. अशा दुधात विरजण नीट धरत नाही. कोर्सचं नाव एक असलं तरी आतला मजकूर निराळा. बाजारात मिळणारा तयार कोर्स या दोघींपैकी एकीलाही पुरा पडत नाही.

२. जामखेडने हे कसं केलं

या विषयातलं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण कंपनीचं नाही, दवाखान्याचं आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांत ते फारसं शिकवलं जात नाही याचं मला नवल वाटतं. माणसं निवडून, शिकवून, त्यांच्याकडून ठरलेला परिणाम मिळवणं हे काम जामखेडमध्ये जितक्या काटेकोरपणे झालं तितकं फार थोड्या कंपन्यांत होतं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. सुरुवातीला त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजाराचं मूळ गावात असतं. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी गावातलं आजारपण त्याने कमी होत नाही. पुढे अमेरिकेत जाऊन दोघांनी उच्च शिक्षण घेतलं, सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं आग्नेय टोक, बीडच्या सीमेवरचा अवर्षणग्रस्त तालुका. प्रकल्प सुरू होतो न होतो तोच १९७२ चा दुष्काळ आला.

त्यांचं धोरण एका ओळीत मावतं: आजार होऊच नयेत असं गाव घडवायचं. दवाखाना हवाच, पण तो शेवटचा आधार म्हणून. या एका ओळीने पुढचं सगळं ठरवलं.

त्या भागात त्या काळी जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुलं वर्षाची होण्याआधी दगावत होती. कशाने? जुलाब, धनुर्वात, न्यूमोनिया आणि या सगळ्यांच्या मुळाशी कुपोषण. यातल्या बहुतेक मृत्यूंना मोठं ऑपरेशन थिएटर लागत नव्हतं. योग्य वेळी योग्य गोष्ट करणारं कोणीतरी त्या घराजवळ असणं लागत होतं. म्हणजे खरा प्रश्न असा झाला: रात्री पोराला जुलाब लागले तर त्याच्या आईच्या हाकेच्या अंतरावर कोण असतं?

सुरुवातीला आरोळे दांपत्याने कोणीही दिलं असतं तेच उत्तर दिलं. प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका गावांत नेमल्या. ते जमलं नाही. वयाने लहान, बाहेरून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुली. गावाला त्या परक्या आणि त्यांना गाव परकं. त्यांचं शिक्षण चांगलं होतं, पण ते या जागेसाठी नव्हतं. मग गावांनीच आपल्यातली एक बाई निवडावी असं ठरलं. निवडलेल्या बायका बहुतेक मध्यमवयीन, पुष्कळशा निरक्षर, अनेकजणी दलित वस्तीतल्या. एखाद्या भरती अधिकाऱ्याने त्यांचे अर्ज पहिल्या चाळणीतच बाजूला काढले असते. पण ज्या जागेसाठी माणूस हवं होतं, तिथे त्यांच्याइतकं लायक दुसरं कोणी नव्हतं. बाळंतिणीच्या घरात त्यांना दार उघडं होतं, आणि त्या गाव सोडून बदलीवर जाणार नव्हत्या.

या बायकांना सहा महिने वर्गात कोंडलं नाही. त्या ठरावीक दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, थोडं शिकायच्या आणि गावी परत जाऊन तेच वापरायच्या. पुढच्या खेपेला शंका घेऊन यायच्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं, गाणी, गोष्टी आणि प्रात्यक्षिकं होती. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवायच्या आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. जी बाई शिवाशिव पाळते ती गावातल्या अर्ध्या घरांत पाऊल टाकणार नाही, मग आजार थांबवणार कुठून?

शिकवण्यातला बारकावा समजायला जुलाबाचंच उदाहरण घ्या. जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायचं, ही समजूत तेव्हा घरोघरी होती. पाणी कमी पडूनच पोर जायचं. साखर-मिठाच्या पाण्याचं आज सगळीकडे शिकवलं जाणारं प्रमाण एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ असं आहे. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की व्याख्यान संपतं. प्रशिक्षण मात्र तिथून सुरू होतं. चमचा कोणता? घरातला की आमटीचा? मीठ शिगोशीग घ्यायचं की सपाट? मीठ जास्त झालं तर पोराला अपायच होतो, म्हणून चमच्यावरून बोट फिरवून तो सपाट करायला हाताला शिकवावं लागतं. पाणी चाखून बघायचं, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून टाकायचं. लिटर मोजायचा तर घरात कोणतं भांडं आहे ते आधी बघायचं. असं शिकलेली बाई दुसऱ्या बाईला चुलीपुढे बसून शिकवू शकते.

दोन गोष्टी आणखी. जामखेडहून परिचारिका, समाजसेवक आणि डॉक्टर यांचं फिरतं पथक गावात जायचं. आरोग्य कार्यकर्तीने काय केलं ते बघायचं, अडलेलं सोडवायचं आणि सगळ्यांसमोर तिचा मान राखायचा. म्हणजे शिकणाऱ्याच्या वरच्या माणसांचं कामही बदललं होतं. शिवाय गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, त्यामुळे ती बाई एकटी पडली नाही. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी घेतल्या गेल्या. स्वच्छ पाणीच नसेल तर हात धुवायला शिकवून उपयोग काय?

परिणाम आकड्यांत दिसला. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रकल्पाच्या गावांतलं ते १७६ चं प्रमाण पंचविशीच्या आसपास आलं होतं. याचं सगळं श्रेय प्रशिक्षणाला देणं चूक ठरेल. पाणी, शेती, उत्पन्न, साऱ्याचाच त्यात वाटा आहे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातल्या आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर आलेली 'आशा' कार्यकर्ती आपण सगळे ओळखतो. गावातल्याच बाईवर विश्वास टाकायची ही वाट जामखेडने कितीतरी आधी चालून दाखवली होती.

३. उताऱ्याचा हिशेब

आता नफा-तोट्याच्या जगात येऊ. नगर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली.

कारखान्याचा जीव उताऱ्यात असतो. शंभर टन ऊस गाळून किती टन साखर निघाली, तो उतारा. समजा, एका कारखान्याने हंगामात पाच लाख टन ऊस गाळला आणि उतारा फक्त ०.१ टक्क्याने वाढला. पाच लाखांचा ०.१ टक्का म्हणजे ५०० टन, म्हणजे ५,००० क्विंटल साखर. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून किलोला ३१ रुपये होता, तोच धरू. क्विंटलला ३,१०० प्रमाणे होतात १ कोटी ५५ लाख रुपये. तेवढ्याच उसातून.

मग उतारा कोणाच्या हातात असतो? चीफ केमिस्ट आणि पॅनमध्ये साखर शिजवणारा पॅनमन ही नावं लगेच आठवतात. ती बरोबरच आहेत. पण कारखान्यात साखर तयार होत नाही, ती उसात तयार होते. कारखाना ती फक्त बाहेर काढतो आणि वाटेत थोडी हरवतो. कोवळा ऊस आला किंवा तोडून दोन-तीन दिवस फडात पडून राहिलेला आला, तर पुढचा कसलाही निष्णात माणूस गेलेली साखर परत आणू शकत नाही. म्हणून उताऱ्यातला मोठा निर्णय बांधावर होतो, आणि तो घेतो शेतकी विभागातला स्लिपबॉय. कोणाच्या उसाला आधी तोड द्यायची, याची नोंद त्याच्या वहीत असते.

त्याच्या हातात मुठीत मावणारं रिफ्रॅक्टोमीटर द्या. उसाच्या बुडख्याकडच्या कांडीचा थेंब काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मग शेंड्याकडच्या कांडीचा. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर ऊस अजून पिकायचाय. जवळजवळ सारखे आले तर तोडीला तयार. हे शिकायला एक सकाळ पुरते. हाताला बसायला आठवडाभर फडात फिरावं लागतं, आणि को ८६०३२ व फुले २६५ या जातींचे वेगवेगळे फड बघावे लागतात.

चाळीस स्लिपबॉयना असं तयार करायला माणशी पाच हजार धरले तर खर्च दोन लाख. ०.१ टक्क्याची सगळी वाढ त्यांच्यामुळे झाली असं आपण म्हणणार नाही. दहावा हिस्सा धरला तरी साडेपंधरा लाख होतात. त्याच कारखान्याने दोन लाख खर्चून सगळ्या कामगारांसाठी 'सकारात्मक विचारसरणी'चं व्याख्यान ठेवलं असतं, तर ते कोणत्या खात्यावर दाखवायचं?

अर्थात, एक अडचण वर्गात सुटणारी नाही. वजनदार सभासदाचा कोवळा ऊस आधी तोडायचा निरोप वरून आला, तर रिफ्रॅक्टोमीटर खिशातच राहतं. तोडणी कार्यक्रम पाळायचा की नाही हे संचालक मंडळाने ठरवायचं असतं. ते ठरलेलं नसेल तर स्लिपबॉयला शिकवणं म्हणजे त्याला नुसतं चिडवणं.

४. धोरण बदललं की काल शिकवलेलं आड येतं

२०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर कारखान्यांपुढे नवा रस्ता उघडला. पूर्वी साखर काढून शेवटी उरलेल्या मळीपासूनच अल्कोहोल व्हायचं. आता बी-हेवी मळीपासून, अगदी थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करता येऊ लागलं.

साखर पॅनमध्ये तीन टप्प्यांनी काढतात: ए, बी आणि सी. बी-हेवीकडे वळायचं म्हणजे दुसऱ्या टप्प्यानंतर थांबायचं आणि उरलेली साखर मळीतच ठेवून ती डिस्टिलरीला द्यायची. आता त्या पॅनमनचा विचार करा. तीस वर्षं त्याला एकच शिकवलं: मळीत साखर जाऊ द्यायची नाही. त्यावरच त्याला शाबासकी मिळाली. आज त्याला सांगतात, जाऊ दे. उतारा कमी दिसणार आणि तो कमी दिसणं हेच बरोबर. कारण समजावून सांगितलं नाही, शिवाय सकाळच्या बैठकीत जुन्याच आकड्यावरून त्याला बोलणं बसत राहिलं, तर तो नवं धोरण मनापासून राबवणार नाही. मी असतो तर मीही राबवलं नसतं.

डिस्टिलरीतलं काम तर वेगळंच. मिल म्हणजे लोखंडाशी झुंज. इथे सांभाळायचं असतं जिवंत यीस्ट. टाकीचं तापमान पस्तिशीच्या वर चढायला लागलं की ते मंदावतं. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून जिथे मिलवाला सहज वेल्डिंगची ठिणगी पाडतो तिथे परवान्याशिवाय हत्यार उचलायचं नाही. अशा कामासाठी माणसं मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला पाठवता येतात. पण जाणारा माणूस परत आल्यावर कोणत्या जागी उभा राहणार, हे आधी ठरलेलं हवं.

आणि धोरण आपल्या एकट्याच्या हातात नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. ज्यांनी सगळी माणसं एकाच कामात घडवली ते अडकले असणार. म्हणून निदान काही माणसं दोन्हीकडची कामं जाणणारी हवीत. दोन कामं शिकवण्याचा खर्च वायफळ वाटतो, पण वारा फिरला की तोच उपयोगी पडतो.

शिकवण्याच्या वेळेचंही तसंच. भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन पिकाच्या गरजेला आलं तर सोनं, दाणे भरून झाल्यावर आलं तर पाणी वाया आणि पीक आडवं. बॉयलर पेटायच्या दोन महिने आधी बिगरहंगामात शिकवलेलं हंगामात हाताशी येतं. मार्चअखेरीस बजेट संपवायचं म्हणून गाळपाच्या धामधुमीत भरवलेला वर्ग कोणाच्याच कामाचा नसतो.

५. जिथे शिकवून काही होणार नाही

समजा, सुप्याच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. शंभर जॉबमागे सहा रिजेक्ट. मालकाने सगळ्यांना दोन दिवसांचं क्वालिटीचं ट्रेनिंग दिलं. रिजेक्शन सहाच राहिलं.

मग एका सुपरवायझरने महिनाभराचे रिजेक्ट जॉब वेगळे ठेवून कारण लिहायला सुरुवात केली. सहापैकी तीन एकाच सीएनसी मशीनचे निघाले. तिचा चक झिजला होता. दोन चुकीच्या मापाने पास झालेले, कारण मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. राहिला एक. तिथे नव्या ऑपरेटरला टूल झिजल्यावर ऑफसेट कसा द्यायचा ते खरंच येत नव्हतं. म्हणजे सहातला एकच दोष शिकवून जाणारा, आणि तोही एका माणसाला अर्धा दिवस मशीनपाशी उभं करून. बाकीचे पाच देखभाल विभागाचे.

ओळखायची खूण अशी: उद्या मोठं बक्षीस लावलं तर हाच माणूस हेच काम बिनचूक करील का? करील, तर त्याला ते येतं. अडचण हत्यारात, पगारात किंवा हुकमात आहे. बक्षीस लावूनही जमणार नसेल तरच वर्ग भरवा.

शिकाऊ उमेदवारांबाबतही हाच विचार लागू आहे. १९६१ च्या कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. पुष्कळ ठिकाणी आयटीआयची ही पोरं स्वस्त मजूर म्हणून वापरली जातात. तीन वर्षांनी आपल्याला कोणत्या कौशल्याचा तुटवडा पडणार आहे हे बघून त्यांना जागा दिली, तर कायदाही पाळला जातो आणि उद्याचा फोरमनही तयार होतो.

६. मोजायचं काय?

अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला ते आवडलं का? त्याला आलं का? कामावर तो ते करतो का? आणि त्याने संस्थेच्या आकड्यात फरक पडला का? आपल्याकडचे अभिप्राय फॉर्म पहिल्या पायरीवरच संपतात: जेवण चांगलं होतं, सर छान बोलले. दुसऱ्या पायरीसाठी परीक्षा घेतली जाते. तिसरी पायरी बघायला कोणाला तरी महिन्याभराने फडात, मिलवर, मशीनपाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि ते काम कोणाच्याच नावावर नसतं. जामखेडला ते फिरत्या पथकाच्या नावावर होतं.

आखणी करताना मात्र हा जिना वरून उतरायचा. आधी कोणता आकडा हलवायचा ते ठरवा, मग तो कोणाच्या हाताने हलतो ते शोधा, मग त्या हाताने काय वेगळं करायला हवं ते लिहा, आणि शेवटी वर्गाचा विचार करा. जेवणाचं कंत्राट सगळ्यात शेवटी.

तुमच्या टेबलावर यंदाच्या प्रशिक्षणाचं परिपत्रक सहीसाठी आलं असेल, तर सही करण्याआधी समासात एक ओळ लिहून मागा: हे शिकल्यावर कोण, कोणतं काम, कसं वेगळं करणार आहे? ओळ लिहून आली तर खुशाल खर्च करा. आली नाही तर परिपत्रक परत पाठवा.